हेडमधली हिरवी माती

डेलमर स्ट्रूपला इंजिनातलं सगळं कळतं, असं छातीठोकपणे सांगणारा नॉर्थ कॅरोलायनाच्या आमच्या कोपऱ्यात एकच माणूस होता, आणि तो म्हणजे खुद्द डेलमर स्ट्रूप. आठवडाभर तो लोकांची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच यंत्रांतलं ते पाच हॉर्सपॉवरचं इंजिन शनिवारी लाल मातीच्या ट्रॅकवर रेसिंगच्या कार्टला लागलेलं असायचं, अर्थात बरंच कोरून, तासून, फुगवून. त्याला आम्ही फ्लॅटहेड म्हणतो. या इंजिनाचे व्हॉल्व्ह वर डोक्यात नसतात, सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसतात, आणि वरून एक सपाट झाकण असतं. त्या झाकणाला हेड म्हणायचं. इंधन शेजारून वर चढतं, हेडखालच्या चिंचोळ्या वाटेने आडवं सरकतं आणि मग पिस्टनवर येतं. इतकी द्राविडी प्राणायामाची रचना माणसाने का केली असेल कोण जाणे. पण डेलमरचं तिच्यावर बायकोइतकंच प्रेम होतं, आणि लक्ष म्हणाल तर बायकोपेक्षा जास्तच.

बायको, म्हणजे नेल्डा, कार्ट चालवायची. डेलमर सीटमध्ये मावत नसे. दोनदा बसवून पाहिला, दुसऱ्या वेळी बाहेर काढायला तिघे जण लागले. नेल्डा चौपन्न वर्षांची, उंचीने पाच फुटांच्या आतली, शाळेच्या भटारखान्यात चारशे मुलांचं जेवण करणारी बाई. अकरा वर्षं ती डेलमरची इंजिनं चालवत होती आणि तिचा सगळ्यात वरचा नंबर होता पाचवा. दर शनिवारी घरी येताना डेलमर निकाल सांगायचा, "तिसऱ्या वळणाला तू पाय उचलतेस. इंजिन तयार असतं गं, तूच पाय उचलतेस."

"उचलत असेन," नेल्डा म्हणायची आणि खिडकीबाहेर बघायची.

त्या वर्षी ट्रॅकच्या क्लबाने जाहीर केलं की फ्लॅटहेडचा मॉडिफाइड गट, म्हणजे इंजिनात बदल करू देणारा आमचा गट, ऑक्टोबरअखेर बंद. सुटे भाग मिळेनात, पोरं नव्या इंजिनांकडे वळलेली. सप्टेंबर संपला तेव्हा दोनच शर्यती उरल्या होत्या, ऑक्टोबरच्या शेवटच्या दोन शनिवारी. त्या दिवशी जेवताना नेल्डाने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "मला एकदा पहिलं यायचंय, डेलमर. एकदाच. मग ते कार्ट विकून टाक हवं तर."

अकरा वर्षांत तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. डेलमर ताटावरून उठला आणि तडक गॅरेजमध्ये गेला.

त्या महिन्यात त्याने जे इंजिन बांधलं त्याच्या गोष्टी तो पुढे कुणालाही सांगत सुटणार होता, म्हणून मीच थोडक्यात सांगते. मोठे व्हॉल्व्ह बसवले. आतले मार्ग दंतवैद्याच्या जुन्या कोरणीने कोरून आरशासारखे गुळगुळीत केले. जेवणाच्या टेबलावरची काच उचलून नेली, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि इंजिनाचं हेड त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवून फिरवून सपाट केलं. ती काच पुन्हा कधी टेबलावर आली नाही. आणि नवा कॅम घातला, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्वीपेक्षा उंच उचलले जाणार. आता व्हॉल्व्ह उंच उचलला आणि हेडला टेकला तर इंजिनाचा चुराडा. म्हणून आत किती जागा उरते ते आधी बघावं लागतं, आणि ते बघायची रीत अगदी साधी आहे. पोरांची खेळायची रंगीत माती घ्यायची, व्हॉल्व्हवर आणि पिस्टनवर तिचा गोळा थापायचा, हेड बसवायचं, इंजिन हाताने दोनदा फिरवायचं, पुन्हा उघडायचं. दबलेली माती सुरीने कापली की तिची जाडी म्हणजे तुमची उरलेली जागा.

डेलमरकडे माती नव्हती. त्याने ती चर्चच्या रविवारच्या वर्गातून आणली. कपाटात मुलांनी नोहाच्या नावेतला एक हिरवा हत्ती करून ठेवला होता. त्याचा एक पाय डेलमरने काढून घेतला. तीन पायांवरही हत्ती उभा राहतो असं त्याचं म्हणणं पडलं.

पहिल्या खेपेला जागा कमी निघाली. त्याने हेड आतून आणखी कोरलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा माती थापली, हेड आवळलं, आणि इंजिन हाताने फिरवलं. ते असं फिरलं, असं मऊ, असं निवांत फिरलं की डेलमरला भरूनच आलं. आयुष्यात त्याच्या हातून इतकं सुरेख काही झालं नव्हतं. तो धावत घरात गेला, पीठ मळणाऱ्या नेल्डाला तशीच ओढत घेऊन आला आणि म्हणाला, "फिरव. फिरवून बघ नुसतं."

नेल्डाने पिठाच्या हाताने फिरवलं. "छान फिरतंय," ती म्हणाली.

मग दोघांनी मिळून इंजिन कार्टवर चढवलं आणि लिव्हरमशचं, म्हणजे डुकराच्या कलेजीच्या तळलेल्या वडीचं, सँडविच खाल्लं. हत्तीचा पाय आतच राहिला.

शनिवारी सकाळी ट्रॅकवर इंजिन गरम करताना पांढरा धूर निघाला आणि मेणाचे खडू जाळल्यासारखा वास सुटला. शेजारच्या ट्रेलरमधून कुणीतरी विचारलं, हे काय. डेलमर म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा जागेवर बसतायत." हे वाक्य त्याला फार आवडायचं. इंजिनाचं काहीही बिघडलं तरी ते चालून जायचं.

शर्यत वीस फेऱ्यांची. नेल्डा सहावी सुटली. पहिला होता ट्रॉय सिग्मन, चाळिशीचा, चकचकीत ट्रेलरवाला, आमच्या भागातला सगळ्यात नावाजलेला इंजिन बांधणारा. सरळ पट्ट्यावर नेल्डाचं कार्ट मागे पडायचं आणि वळणावर पुढच्याला गाठायचं. एकेक करून तिने चौघांना वळणांवरच मागे टाकलं. डेलमरने यातलं फारसं काही पाहिलं नाही. तो ट्रॅककडे पाठ करून उकडलेले शेंगदाणे विकणाऱ्या माणसाला कोरलेल्या मार्गांची महती समजावत होता. अठराव्या फेरीला लोक ओरडायला लागले तेव्हा तो वळला, आणि त्याची बायको ट्रॉयच्या आतून सरकून पुढे निघाली होती.

नेल्डा पहिली आली. डेलमर रडला. ते तो आजही नाकारत नाही.

आमच्याकडे शर्यत संपली की पहिल्या तिघांची इंजिनं सगळ्यांसमोर उघडतात. अकरा वर्षांत डेलमरचं इंजिन टेबलावर कुणी उघडलं नव्हतं. ते बहुधा ट्रॅकवरच आपणहून उघडायचं. त्यामुळे त्याला घाई झाली होती. "या, या, जवळ या," तो लोकांना बोलावत होता. "आतले मार्ग बघा. असं काम बघायला मिळत नाही."

तपासनीस होते फर्मन बीम, सत्तरीचे, सावकाश हलणारे, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी बोल्ट काढले, हेड उचललं, उलटं केलं आणि तसेच थांबले. हेडच्या आतल्या बाजूला, व्हॉल्व्हकडून पिस्टनकडे जाणाऱ्या त्या चिंचोळ्या वाटेच्या बरोबर मध्यभागी, करपून दगड झालेला काळपट हिरवा थर बसला होता.

"हे काय आहे, डेलमर?"

डेलमरने पाहिलं. पण तो काही बोलायच्या आत ट्रॉय पुढे वाकला.

"भरणा केलाय यानं," ट्रॉय म्हणाला. "आतली जागा मुद्दाम कमी केलीय. दाब वाढवायला."

आमच्या क्लबाचा नियम सरळ आहे. मॉडिफाइड गटात हेडमधून हवं तेवढं काढा, घालायचं मात्र काही नाही. आणि मग गर्दीच्या चेहऱ्यावर डेलमरला असं काही दिसलं जे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. आदर. मागून कुणीतरी पुटपुटलं, "काय डोकं आहे बघ. आम्ही ह्याला येडा समजत होतो." दुसरा जवळ येऊन हळूच म्हणाला, "कुठला मसाला वापरलास रे? उष्णतेला टिकला म्हणजे कमालच आहे."

बीमनी खिशातून नियमांची वही काढली आणि शांतपणे वाचून दाखवलं. मुद्दाम केलं असेल तर इंजिन बांधणारा आणि चालक दोघेही हंगामाच्या अखेरपर्यंत बाहेर. चुकून झालं असेल तर एवढी शर्यत रद्द, बाकी काही नाही.

हंगामात एकच शर्यत उरली होती, पुढच्या शनिवारची. त्यानंतर हा गटच नसणार होता. नेल्डा हेल्मेट काखेत धरून उभी होती, तोंडावर लाल धुळीचा थर, डोळ्यांभोवती तेवढी दोन पांढरी वर्तुळं.

आता खरं सांगायचं तर डेलमर क्षणभर थांबला. क्षणभर कसला, चांगला ग्लासभर चहा पिऊन होईल इतका वेळ थांबला. लबाड पण हुशार म्हणून ओळखलं जाणं त्याला फार गोड लागत होतं. साठीला आलेल्या माणसाला अशी संधी पुन्हा येत नाही. मग त्याचं लक्ष त्या दोन पांढऱ्या वर्तुळांकडे गेलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"ती माती आहे," तो म्हणाला. "पोरांची खेळायची माती. जागा मोजायला घातली आणि काढायला विसरलो."

लोक हसले, पण विश्वास कुणी ठेवला नाही.

"काहीतरी सांगू नकोस," ट्रॉय म्हणाला. "एवढा मूर्ख माणूस नसतो."

"असतो," डेलमर म्हणाला. "मी आहे ना."

"सिद्ध कर."

आता बोला. आयुष्यभर या गृहस्थाने आपण शहाणे आहोत हे सिद्ध करायची खटपट केली, एकदाही जमलं नाही. आणि आता भर मैदानात मूर्खपणा सिद्ध करायची पाळी आली तर सुरुवात कुठून करावी ते कळेना. पण सुरुवात केल्यावर त्याला ते फार अवघड गेलं नाही. एका वर्षी मेथेनॉलऐवजी डिझेल भरलं होतं, ते सांगितलं. पुढचं चाक उलटं बसवून नेल्डाला अर्धी फेरी पळवलं होतं, ते सांगितलं.

"आणि तेल घालायला विसरलास ते?" गर्दीतून आवाज आला.

"कुठल्या वेळचं?" डेलमरने विचारलं.

"दोन्ही वेळचं."

मग साक्षीदारांची रीघच लागली. शेंगदाणेवाला म्हणाला की एकदा डेलमरने त्याच्या पातेल्यात कार्बोरेटर उकळायला टाकला होता. एक जण म्हणाला, याने माझं इंजिन बांधलं होतं, त्यात शेवटी तीन बोल्ट उरले, आणि हा म्हणाला की वजन कमी झालं. लोक पोट धरून हसत होते. डेलमर प्रत्येक आरोपाला मान डोलावत होता, "खरंय, खरंय," आणि मधूनच एखादा तपशील स्वतःहून दुरुस्त करत होता. ट्रॉयही हसत होता, पण हटत नव्हता.

"ट्रॅकवर माती कमी पडली म्हणून इंजिनात नेलीस होय?" तो म्हणाला. "बरं, आणलीस कुठून ती? हिरवी?"

डेलमरने बीमकडे पाहिलं आणि मान खाली घातली. चर्चमधला रविवारचा वर्ग बीमच घेत असत.

"हत्तीचा पाय, मिस्टर बीम."

बीमनी चष्मा काढला. "मी त्या मुलांना," ते सावकाश म्हणाले, "तीन रविवार चोरीवर प्रवचन देतोय."

"मला माहीत आहे. तिन्ही वेळा मी मागच्या बाकावरच होतो."

"आणि तुला काही वाटलं नाही?"

"मला वाटलं तुम्ही सर्वसाधारण बोलताय."

यानंतर पुराव्याची गरज उरली नाही. बीमनी वहीत 'चूक' असं लिहिलं आणि शर्यतीतून नेल्डाचं नाव खोडलं. ट्रॉय पहिला. डेलमरने सुटकेचा श्वास सोडला. नाक कापलं गेलं, पण नेल्डाची शेवटची शर्यत वाचली होती.

तेवढ्यात बीमनी ते हेड पुन्हा उचललं आणि उजेडात धरलं. थरावरून त्यांनी बोट फिरवलं.

"पण ट्रॉय, तू म्हणतोस तसं नाहीये हे," ते म्हणाले. "याने दाब काय वाढणार. इंधनाची वाट बुजलीय याने. निम्मी तरी बुजलीय. हे इंजिन आज नाक दाबून पळत होतं."

ट्रॉय जवळ आला. त्याने स्वतः बोट घालून बघितलं. त्याचं हसणं मावळलं.

"मग मिस नेल्डा पहिल्या आल्या कशा?" आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने लावतात तो 'मिस' लावून त्याने विचारलं.

सगळ्यांना ते एकदमच कळलं होतं, आणि डेलमरला सगळ्यांत शेवटी कळलं. अकरा वर्षांचे शनिवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले. प्रत्येक शनिवारी घरी जाताना आपण काय बोललो ते त्याला शब्दन् शब्द आठवलं, आणि मघाशी सगळं गाव हसत होतं तेव्हा जेवढं लागलं नव्हतं तेवढं आता लागलं.

ट्रॉयने टोपी काढली. "मिस नेल्डा," तो म्हणाला, "माझ्याकडे दुसरं एक इंजिन आहे. माझ्या चालू इंजिनाइतकंच चांगलं. पुढच्या शनिवारी ते लावाल का? तुमच्याशी एकदा बरोबरीने पळायचंय मला."

नेल्डाने डेलमरकडे पाहिलं. लोकांनीही पाहिलं. त्याला वाटलं, ती नाही म्हणेल. त्याला मनापासून वाटलं की ती नाही म्हणेल.

"मला बघायचंय, डेलमर," ती म्हणाली.

"लाव की," डेलमर म्हणाला. त्याचा आवाज बारीक निघाला. "त्याचं इंजिन चांगलं असतं."

घरी जाताना गाडी नेल्डाने चालवली. बरेच मैल गेल्यावर डेलमर म्हणाला, "तू पाय उचलत नव्हतीस."

"नाही."

"तुला माहीत होतं?"

"पाय माझाच आहे ना रे."

"मग बोलली का नाहीस कधी?"

नेल्डाने थोडा विचार केला. "तू गॅरेजमधून यायचास तेव्हा इतका खूश असायचास," ती म्हणाली. "आणि मला चालवायला मिळत होतं. म्हटलं, जाऊ दे."

डेलमर खिडकीबाहेर बघू लागला.

तो आठवडा त्याने फार वाईट काढला. गॅरेजमध्ये जायचा, माती खरवडलेलं हेड हातात घ्यायचा, ठेवून द्यायचा. एकदा मनात आलं, आता तर वाट मोकळी झालीय, हेच इंजिन धावेल, सांगावं का तिला? दारापर्यंत गेला आणि परत फिरला. तेवढी अक्कल त्याला आली होती. शुक्रवारी ट्रॉय इंजिन घेऊन आला तेव्हा डेलमरने ते स्वतः कार्टवर चढवायला हात लावला. ट्रॉयने प्रत्येक बोल्ट मागाहून पुन्हा तपासला, आणि डेलमरला त्यात काही गैर वाटलं नाही.

शनिवारी डेलमर कुंपणापाशी एकटाच उभा राहिला. दाखवायला काही नव्हतं, सांगायला काही नव्हतं. इतकी वर्षं तो इंजिनाची शर्यत बघत आला होता. त्यावर एक बाई बसलेली असते हे त्याला ठाऊक होतं, पण तिच्याकडे बघायचं काम त्याने कधी केलं नव्हतं. आता दुसरं काही बघायला उरलंच नाही. वळण यायच्या कितीतरी आधी तिची मान त्या बाजूला झुकायची. डावं कोपर अंगाशी घट्ट. पुढच्याच्या मागे ती दोन-दोन फेऱ्या नुसती राहायची, त्याच्या सवयी शिकून घ्यायची, आणि मग तो जिथे चुकायचा नेमकी तिथून आत शिरायची. चारशे पोरांची रांग सांभाळणारी बाई जशी घाई न करता वाढत जाते, तशी ती चालवत होती. हे आपल्या घरात होतं, डेलमरच्या मनात आलं. अकरा वर्षं आपल्या घरात होतं हे, आणि आपण गॅरेजमध्ये बसलो होतो.

ट्रॉयने तिला सहजासहजी काही दिलं नाही. शेवटच्या फेरीपर्यंत दोघे चाकाला चाक लावून पळाले. नेल्डा अर्ध्या कार्टने पहिली आली. ट्रॉय दुसरा, स्वतःच्याच इंजिनाच्या मागे.

लोक धावत गेले. डेलमरचं वजन लक्षात घेता तो जरा उशिराच पोचला. नेल्डा कार्टमधून उतरून उभी होती. गेली अकरा वर्षं ती उतरल्या उतरल्या तो ज्याबद्दल सांगायला लागायचा, तेच आज त्याला बघून तिने आपणहून विचारलं.

"इंजिन कसं वाटलं?"

डेलमरने तोंड उघडलं, आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला खरंच माहीत नाही.

"इंजिनाकडे माझं लक्षच नव्हतं," तो म्हणाला.

नेल्डा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हेल्मेट काढून त्याच्या हातात दिलं, धुळीचं तोंड त्याच्या शर्टाला पुसलं, आणि इंजिन उघडायच्या टेबलाकडे चालू लागली. डेलमर हेल्मेट दोन्ही हातांत धरून तिच्या मागोमाग गेला.